‘तिला सगळं पाठ आहे, मग पुस्तक कशाला?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी आहे. जन्मापासून दृष्टी नाही, प्रमाणपत्रावर ‘अंध’ असं लिहिलंय. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तेव्हा ती आजीजवळ राहते. वर्गात तिच्याइतकं हुशार कुणी नाही. एकदा वाचून दाखवलेली कविता दुसऱ्या दिवशी तोंडपाठ म्हणते. ऊन चांगलं पडलं असलं की माझ्या साडीचा रंगसुद्धा सांगते. मी तिला तोंडी प्रश्न विचारून मार्क देते. गेल्या वर्षी शाळेत ब्रेल पुस्तकांचा गठ्ठा आला, पण ब्रेल तिलाही येत नाही आणि मलाही, म्हणून तो कपाटातच आहे. मुख्याध्यापक म्हणतात, शहरातल्या अंध शाळेच्या वसतिगृहात घालू. वडील म्हणतात, उचल मिळाली की मोठा फोन घेऊन देतो, त्यात सगळं ऐकेल. आजी म्हणते, तिला सगळं पाठ आहे, पुस्तक कशाला? यातलं खरं कुणाचं धरू? आणि मी दोन वर्षं या लेकराचं नुकसान करत आले का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कपाटातल्या गठ्ठ्यापाशी थांबले, दुसऱ्यांदा साडीच्या रंगापाशी. तुम्ही ते वाक्य कौतुकाने, ओघात लिहून गेलात. मला मात्र सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं वाटलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

जिला उन्हात साडीचा रंग कळतो, तिला काहीतरी दिसतं. किती दिसतं आणि कशा उजेडात दिसतं, हे बहुधा आजवर कुणी नीट पाहिलेलंच नाही. ‘अंध’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर गडद अंधार येतो, पण कायद्यातला अंध तसा नसतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात, चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल, तरी ते अंधत्वच धरलं आहे. म्हणजे नीट नजरेच्या माणसाला जे साठ मीटरवरून दिसतं, ते दिसायला तिला तीन मीटरच्याही आत यावं लागतं. जवळ आल्यावर तिला काय दिसतं, याबद्दल प्रमाणपत्र काहीच बोलत नाही. टक्केवारी सवलतीसाठी असते. वर्गात तिच्यापुढे काय ठेवायचं, ते टक्केवारीवरून ठरत नाही.

तेव्हा एक काम करा. आठवडाभर तिच्यासाठी वेगळी वही घाला आणि रोज पाच मिनिटं तिला खिडकीपाशी घेऊन बसा, उजेड तिच्या पाठीमागून येईल असं. पांढऱ्या कागदावर जाड काळ्या मार्करने एकच अक्षर काढा, तळहाताएवढं. दिसलं तर अर्ध्या आकाराचं काढा. मग हेच पिवळ्या कागदावर करून बघा. कागद नाकाला लावला तरी टोकू नका, जवळ धरून वाचल्याने नजर आणखी बिघडत नाही. मान तिरपी करून बघते का, कोणत्या बाजूने बघते, किती वेळाने डोळ्यांना पाणी येतं, सकाळी बरं दिसतं की दुपारी, हे सगळं तारीख घालून लिहा. ती वही घेऊन तिला जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. डॉक्टरांना टक्के विचारू नका. ‘उरलेल्या नजरेचा वाचनासाठी किती उपयोग होईल, भिंग लागेल का’ एवढं नेमकं विचारा. तुमच्या वहीतल्या नोंदी बघून डॉक्टरही वेगळ्या पद्धतीने तपासतील, हा माझा अनुभव आहे.

समजा, मोठं अक्षर तिला दिसतं असं निघालं. तर शाळेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तुमचं निम्मं साहित्य तयार आहे. ए-४ पानाची ए-३ वर प्रत काढली की अक्षर १४१ टक्के होतं, चौदा पॉइंटचं जवळपास वीस पॉइंटचं. यात एक खाच आहे. पाठ्यपुस्तकाचं रंगीत पान काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर करडं होऊन येतं आणि निळ्या चौकटीतली काळी अक्षरं बुडून जातात. अशी पानं सरळ नव्याने टाइप करून घ्या. आपल्या लिपीत मात्रा, रफार, अनुस्वार ओळीच्या वर बसतात आणि उकार खाली लोंबतात. ओळी चिकटून असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो आणि या मुलांना शब्दच उलगडत नाही. म्हणून अक्षर मोठं करायच्या आधी दोन ओळींमधलं अंतर वाढवा. कागद चकाकणारा नको. पुस्तक डोळ्यांजवळ आणण्यासाठी ती दिवसभर पाठ वाकवून बसेल, तर पारायणात पोथी ठेवायचं घडीचं लाकडी स्टँड तिच्या बाकावर ठेवा, मान सरळ राहते.

आणि नजर थोडीच आहे, दोन ओळी वाचून डोळे दुखतात, असं निघालं तर? तर दोन्ही शिकवायचं. रंग, मथळा, चित्राची बाहेरची रेघ डोळ्याने आणि धडा बोटाने. ‘दिसतंय ना थोडं, मग ब्रेल कशाला’ म्हणत शाळा टाळत राहते आणि सातवी-आठवीत पुस्तकाचं अक्षर बारीक झालं की मुलगी ना इकडची राहते ना तिकडची. अशी मुलं मी पाहिली आहेत.

आता आजींचं म्हणणं. त्यांना चूक म्हणायला माझी जीभ धजत नाही. आपल्या भागात कानाला मोठा मान आहे. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग आपल्या आज्यांनी पुस्तकातून थोडेच घेतले, जात्यावर बसूनच घेतले. तुमच्या पोरीची आजीसुद्धा शे-दोनशे ओव्या सहज म्हणत असेल आणि तिने अक्षर गिरवलेलं नसेल. तिच्या हिशोबाने पाठ असणं म्हणजेच विद्या. आजीच्या काळी तेवढ्याने भागलंही. नातीचं भागणार नाही.

एका मुलाचं सांगते. मी बावीस वर्षं विशेष शिक्षिका होते, निवृत्तीनंतरही मुलं घरी येतात, त्यांतलाच हा एक. पूर्ण अंध. बारावीपर्यंत सगळं ऐकून शिकलेला, लेखनिक घेऊन परीक्षा दिलेल्या, मार्क उत्तम. कॉलेजात गेल्यावर फोनवर टाइप करायला शिकला आणि एका नोकरीचा अर्ज त्याने पहिल्यांदा स्वतः लिहिला. मला दाखवायला आणला. त्यात ‘ज्ञान’ होतं ‘द्न्यान’, ‘ऋषी’ होता ‘रुषी’, आणि ‘षट्कोन’ होता ‘शटकोन’. त्याची काय चूक होती? आपण मराठी माणसं ‘ज्ञान’ उच्चारतो ते ‘द्न्यान’सारखंच. कानाला जे आलं ते त्याने लिहिलं. बारा वर्षांत एकदाही तो शब्द त्याच्या बोटाखालून गेला नव्हता. मी ब्रेलमधला ‘ज्ञ’ त्याच्या बोटाखाली ठेवला, तेव्हा तो बराच वेळ तिथेच बोट फिरवत बसला. मग म्हणाला, ‘म्हणजे हे एकच अक्षर आहे?’

ऐकणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ताई. ऐकून गोष्ट कळते. शब्द कुठे तुटतो, ‘कि’ की ‘की’, परिच्छेद कुठे संपला, प्रश्नचिन्ह कुठे आहे, हे ऐकून कळत नाही. थांबून मागे जाता येत नाही, वाचून दाखवणाऱ्याच्या वेगाने पुढे जावं लागतं. उद्या दहावीला तिला लेखनिक मिळेल, दर तासाला वीस मिनिटं जास्तीची मिळतील. पण लेखनिकाने ऱ्हस्व लिहिलं की दीर्घ, हे तिला स्वतःला सांगता आलं पाहिजे.

तुम्ही विचारलंत की नुकसान केलं का. थोडं झालं आहे, खोटं कशाला सांगू? तोंडी परीक्षेचे मार्क तिच्या स्मरणशक्तीचे आहेत, वाचता-लिहिता येण्याचे नाहीत. पण ज्या वर्गात तिला कोपऱ्यात बसवून विसरले असते, तिथे तुम्ही तिला रोज प्रश्न विचारलेत, कविता म्हणायला लावलीत. मन तयार आहे, बोटं तयार करायची राहिली आहेत. दहा-अकरा वर्षांचं वय त्यासाठी मुळीच उशिराचं नाही.

‘मला ब्रेल येत नाही’ हे तुम्ही असं लिहिलंय, जणू एखादी परकी भाषाच शिकायची आहे. तसं काही नाही. फ्रान्समधल्या लुई ब्रेलने एकोणिसाव्या शतकात सहा ठिपक्यांची ही लिपी बसवली आणि १९५१ पासून आपल्याकडे सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल आहे. दोन उभ्या रांगा, एकेका रांगेत तीन ठिपके. या सहांपैकी कोणकोणते ठिपके उठवले, त्यावरून ६३ चिन्हं होतात. मराठीचा ‘क’ तोच हिंदीचा, तोच तेलुगूचा, इंग्रजीच्या ‘के’चे ठिपकेही तेच. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू बोलणारी मुलं असतात, त्यांनाही एकदाच शिकावं लागतं. आणि तुम्ही तर डोळ्यांनी शिकणार आहात, ते आणखी सोपं.

अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या आणि सहा खळग्यांचा तुकडा कापा, तीन ओळी, दोन रांगा. डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे ४, ५, ६. खळग्यांत गोट्या ठेवायच्या. एकात गोटी म्हणजे ‘अ’. एक आणि दोनमध्ये म्हणजे ‘ब’. एक आणि तीनमध्ये म्हणजे ‘क’. हाताला ओळख झाली की गोट्यांऐवजी पुठ्ठ्यावर चिकटवलेले ज्वारीचे दाणे, मग मोहरी, आणि शेवटी खरं ब्रेल. आकार असा उतरत गेला की बोट गोंधळत नाही.

तुम्हाला ज्या दोन गोष्टी अडतील, त्या आधीच सांगून ठेवते. ब्रेलमध्ये काना-मात्रा वर-खाली बसत नाहीत, स्वराचंच चिन्ह व्यंजनानंतर येतं. छापील ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, ब्रेलमध्ये आधी ‘क’, मग ‘इ’, म्हणजे जसं बोलतो तसंच. जोडाक्षराची खूण मात्र अर्ध्या अक्षराच्या आधी येते. दुसरी अडचण लिहिताना. ब्रेल पाटीवर कागद अडकवून टोच्याने मागून ठिपके टोचायचे असतात, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. पहिला आठवडा आपण चुकतो, मुलं नाही चुकत.

तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांच्याकडे गावं फार असतात, रोज येणं त्यांना जमणार नाही. म्हणून त्यांना ‘तुम्ही येऊन शिकवा’ म्हणण्यापेक्षा ‘मला शिकवा, मी रोज घेते’ म्हणा. परिपाठाआधी वीस मिनिटं पुरतात. तिच्या दोन-तीन मैत्रिणींनाही सोबत बसवा. वर्गात कुणालाच वाचता येणार नाहीत अशा चिठ्ठ्या या पोरी एकमेकींना लिहायला लागल्या, की समजा गाडी चालू झाली.

वडिलांचा फोनही चुकीचा नाही, फक्त तो पुस्तकाची जागा घेणार नाही. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक आधीपासूनच असतं आणि ते मराठीही वाचतं. पुढे शाळेत संगणक मिळाला तर एनव्हीडीए हे पडदा वाचणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याची सुरुवात २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानेच केली. पण फोन काय वाचणार, ते आपण काय देतो यावर आहे. तुम्ही प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेत असाल, तर पडद्यावर मराठी दिसेल आणि फोन मात्र अगम्य काहीतरी बडबडेल. युनिकोडमध्ये टाइप केलेलंच तो वाचतो. व्हॉट्सॲपवर आपण मराठीत लिहितो ते युनिकोडच असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. उतरवून घेतल्यावर एखादी ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. अक्षरं जशीच्या तशी आली तर फोन वाचेल. विचित्र चिन्हं आली किंवा काहीच आलं नाही, तर ती फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, चित्रातली मराठी अक्षरं ओळखून मजकूर करून देतं. चुका राहतात, एकदा नजरेखालून घालावं लागतं.

केंद्र सरकारचं सुगम्य पुस्तकालय २०१६ पासून आहे. दृष्टिदिव्यांगांसाठी वेगवेगळ्या भाषांतली पुस्तकं तिथे एकत्र केली आहेत, तिचं नाव नोंदवून ठेवा. आणि तुमच्या आवाजातले धडे ध्वनिमुद्रित करा. गावात रेंज नसली तरी मेमरी कार्डवर चालतात, साध्या बटणाच्या फोनमध्येसुद्धा. एक धडा, एक फाइल. सुरुवातीला विषय, धड्याचा क्रमांक, नाव आणि पान सांगायचं. पान बदललं की ‘पान बेचाळीस’ म्हणायचं, म्हणजे वर्गात ‘बेचाळीस काढा’ म्हटलं की तीही काढू शकेल. चित्र आलं की दोन वाक्यांत चित्र सांगायचं. ‘चित्रात एक मुलगा आहे’ एवढ्याने काही कळत नाही. ‘मुलगा विहिरीच्या काठावर वाकलाय, हातातला दोर सुटलाय’ असं सांगा. गोष्टी, इतिहास ऐकायला छान. कविता आधी ऐकायची, मग वाचायची. गणित ऐकून होत नाही.

गणितासाठी टेलर फ्रेम (खाचांत खुंट्या बसवून आकडे मांडायची पाटी) आणि ॲबॅकस (मण्यांची पाटी) मागवून घ्या, पण ते येईपर्यंत थांबू नका. फळीवर ओळीने खिळे ठोकून त्यांना रबर अडकवले की चौकोन, त्रिकोण, परिमिती सगळं हाताला लागतं. अपूर्णांक तर तिला येतातच. चतकोर भाकरी हातात घेतलेल्या लेकराला एक छेद चार नव्याने काय शिकवायचं? फक्त त्याचं नाव सांगायचं. बोर्डात पुढे गणितासाठी सवलती आहेत, त्यांवर बोट ठेवून ‘हिला गणित नको’ असं पाचवीतच कुणी म्हणालं तर ऐकू नका.

राहता राहिली चित्रं आणि नकाशे, आणि इथे मला आजीची आठवण येते. त्या गोधड्या शिवतात का? आपल्याकडे बहुतेक आज्या शिवतात. माझ्या कामाच्या काळात एका गावात असंच झालं होतं. मी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून महाराष्ट्राचा नकाशा नेला होता. पावसाळ्याची हवा, दोन दिवसांत डिंक सुटला आणि गोदावरी हातात आली. मुलाची आजी बघत होती. तिने जुन्या नऊवारीचा तुकडा घेतला, मला खडूने रेघ काढायला लावली आणि सीमा काथ्याच्या दोरीवर टाके घालत पक्की केली. गोदावरीला जाड दोऱ्याचा दुहेरी धावदोरा. बालाघाटाला कापडाची चुणी घालून उंचवटा. मराठवाड्याचे आठ जिल्हे म्हणजे आठ गुंड्या, त्यातली बीडची मोठी, कारण ‘आपलं गाव आधी सापडाया पाहिजे’. तो नकाशा घडी करून दप्तरात जात होता, मळला की धुतला जात होता. त्या मुलाने धाराशिवपासून नांदेडपर्यंत बोट नेत मध्ये लातूर लागतं असं स्वतःहून सांगितलं, तेव्हा आजीने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी पंचीकरणाचं अख्खं तत्त्वज्ञान पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर लिहिलं. कापडावर विद्या उतरवणं आपल्या मुलखाला नवं नाही.

असे नकाशे करताना एका कापडावर एकच गोष्ट ठेवा. नद्यांचा वेगळा, जिल्ह्यांचा वेगळा. डोळा सगळं एकदम बघतो, बोट एकेक तुकडा जोडत जातं, गर्दी झाली की हरवतं. आणि महाराष्ट्राच्या आधी तिच्या वर्गाचा नकाशा करा: दार, खिडकी, तुमचं टेबल, तिचा बाक. मग शाळा ते घर: हापसा, मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी. जी वाट पायाखाली रोज असते ती कापडावर सापडली, की नकाशा म्हणजे काय ते तिला आपसूक कळतं.

मुख्याध्यापकांचा सल्ला मी शेवटी ठेवला, कारण वरचं सगळं बोलल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. अंध शाळा ही वाईट जागा नाही. तिथे ब्रेल पहिल्या दिवसापासून असतं, पांढरी काठी घेऊन चालायला शिकवतात, आणि आपल्यासारखी आणखी मुलं आहेत हे मुलीला पहिल्यांदा कळतं. हा शेवटचा फायदा तुमच्या शाळेत कितीही केलं तरी देता येणार नाही. आईवडील सहा-सहा महिने फडावर असतात, आजी थकत चालल्या असतील, तर वसतिगृहाचा विचार करण्यात गैर काहीच नाही. कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड त्या मुलाची आहे, दोन्हीकडे शिक्षण मोफत आहे. मात्र ‘आमच्याकडे पुस्तक नाही, शिकवायला कुणी नाही, म्हणून तिकडे घाला’ हे कारण मला मान्य नाही. ते शाळेचं न केलेलं काम आहे, त्यासाठी दहा वर्षांच्या पोरीने घर सोडायचं नाही. माझं मत विचाराल तर हे एक वर्ष गावात राहू द्या, नजरेची तपासणी होऊ द्या, ब्रेलला सुरुवात होऊ द्या. मध्ये आजी आणि वडील तिला घेऊन ती शाळा दोन दिवस बघून येऊ देत, मुलींच्या वसतिगृहात रात्री कोण असतं, सुट्टीत कोण आणून सोडतं, हे विचारू देत. मग सहावीला ठरवा, आणि ठरवताना तिला विचारा. तुमच्या पत्रात सगळ्यांचं म्हणणं आहे, ताई. तिचं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीनोंदणीत, तिची नोंद दृष्टिदोष म्हणून बरोबर झाली आहे का, ते स्वतः डोळ्यांनी बघा. पुस्तकांची मागणी अशा नोंदींवरून होते. ब्रेल हवं की मोठ्या अक्षरांचं, हे तपासणीनंतर स्पष्ट लिहा, नाहीतर पुन्हा नको तो गठ्ठा येईल. स्वावलंबन कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढून घ्या. चाळीस टक्के आणि त्यावर दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि लागणारी उपकरणं मोफत देणं ही कायद्याच्या सतराव्या कलमाने सरकारची आणि स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे मुख्याध्यापकांमार्फत द्या, पोच घ्या, आणि जून उजाडायच्या बऱ्याच आधी द्या. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन जाड पानं होतात, छपाई आणि वाहतूक दोन्हींना वेळ लागतो. दिव्यांग मुलींना ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून प्रोत्साहन भत्ताही असतो, त्याची चौकशी याच अर्जासोबत करा. आणि पुस्तक मोठं करून झेरॉक्स काढलं, आवाजात भरलं, तर लेखकाच्या हक्काचा भंग होतो का, अशी भीती काही शिक्षकांना असते. दिव्यांगांसाठी असं रूपांतर करायला आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासूनच मोकळीक आहे. याच विषयावरचा माराकेश करार २०१४ मध्ये सगळ्यात आधी मंजूर करणारा देशही भारतच.

या सोमवारी मात्र यातलं काहीच करू नका. कपाट उघडा आणि तो गठ्ठा खाली काढा. पाचवीचाच असला पाहिजे असं नाही, चौथीचा असेल तर जास्त चांगलं. विशेष शिक्षकांना फोन करून अनुक्रमणिका लावून घ्या आणि तिला पाठ असलेली एखादी कविता शोधा. आजी म्हणतात ना, तिला सगळं पाठ आहे? पाठ आहे हीच मोठी सोय आहे. पुढचा शब्द कोणता हे तिला माहीत असतं, फक्त तो बोटाला कसा लागतो ते कळायचं राहिलेलं असतं. तिच्या उजव्या हाताची तर्जनी पहिल्या ओळीवर ठेवा, दाबू नका, हलकी असू द्या. डावा हात ओळीच्या सुरुवातीला राहू द्या, म्हणजे खालची ओळ सापडेल. ती कविता म्हणेल तसं बोट पुढे सरकू द्या. पहिल्या दिवशी एकही अक्षर ओळखलं नाही तरी चालेल.

आणि खिडकीपाशी तिने कोणकोणते रंग सांगितले, ते मला वहीतून उतरवून पाठवा. वाट बघते.